दीडशेला अडकलेली नाडी: हृदयात गोल फिरणारी वीज स्प्रेडशीटवर कशी उभी करायची

मावशीची नाडी दीडशे होती. सकाळी केरीहून फोन आला तेव्हा दीडशे, गाडीत बसवली तेव्हा दीडशे, इस्पितळात खाटेवर आडवी केली तरी दीडशेच. घाबरून वाढलेली नाडी वरखाली होते. ही जागची हलत नव्हती. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी मॉनिटरकडे बघितले आणि म्हणाल्या, "अशी दीडशेला चिकटून बसलेली नाडी दिसली की मला आधी फ्लटर आठवतो." (फ्लटर हा हृदयाच्या लयीचा एक विकार.) मग त्यांनी अडेनोसिनचे इंजेक्शन दिले. काही सेकंद मोठे ठोके थांबले आणि कागदावर खाली दडलेली नक्षी उघडी पडली: करवतीच्या दातांसारखी, एकसारखी, मिनिटाला तीनशेच्या वेगाने. मग पुन्हा दीडशे.

मी फोंड्याला फिजिक्स शिकवतो. सवयीने विचारले, "म्हणजे नेमका कुठला भाग बिघडलाय?" त्या म्हणाल्या, "बिघडलेला असा एकही नाही, सर. वीज गोल फिरतेय एवढंच."

ते उत्तर डोक्यातून जाईना. सगळे भाग ठाकठीक असताना यंत्र चुकीचे चालते, हे फिजिक्सवाल्याला स्वस्थ बसू देत नाही. मावशी बरी होऊन घरी गेल्यावर मी ते स्वतःसाठी स्प्रेडशीटवर उभे केले, नंतर बीएस्सीच्या मुलांकडून करून घेतले. तोच मार्ग इथे पायरीपायरीने देतो. पहिल्या भागाला कोडिंग लागत नाही. लॅपटॉप, एक्सेल किंवा तत्सम काहीही, आणि दीडेक तास पुरे. दुसऱ्या भागाला थोडे पायथन यायला हवे.

आधीच सांगून ठेवतो: हे समजून घेण्याचे साधन आहे, गोळ्या कमीजास्त करण्याचे नव्हे. घरात कुणाची नाडी अशी अडकली आणि चक्कर, धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर लॅपटॉप बाजूला ठेवून १०८ लावा.

आधी माणसांचा फेर

संगणकाला हात लावण्याआधी हा खेळ कराच. मी वीस मुलांना मैदानावर फुगडीच्या फेरासारखे गोल उभे केले. नियम तीनच. शेजाऱ्याने हात वर केला आणि तुम्ही मोकळे असाल, तर पुढच्या टाळीला तुम्ही हात वर करा. त्याच्या पुढच्या टाळीला हात खाली. मग पाच टाळ्या विसावा; त्या काळात शेजारी काहीही करो, तुम्ही ढिम्म.

एकीने सुरुवात केली. तिच्या दोन्ही बाजूंनी लाटा निघाल्या, समोरच्या मुलापाशी भेटल्या आणि विझल्या. दोन्हीकडचे शेजारी विसाव्यात, पुढे जायला जागाच नाही. निरोगी ठोका असाच संपतो. सड्यावरच्या सुक्या गवताला लागलेला वणवाही असाच: पुढे सरकतो, मागे वळू शकत नाही, कारण मागे राख. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा हे गोव्याने जवळून पाहिले. हृदयात फरक इतकाच, की गवत सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात पुन्हा उगवते.

दुसऱ्या वेळी मी सुरुवात करणारीच्या डावीकडच्या मुलाला कानात सांगितले, "या एका वेळेला तिच्याकडे बघू नकोस." बस. लाट एकाच बाजूने निघाली, पूर्ण फेरा मारून आली, तोवर सुरुवात करणारी मोकळी झालेली, म्हणून तिने पुन्हा हात वर केला. पोरे हसून लोळेपर्यंत लाट फिरत राहिली. एकदाच, एका ठिकाणी, एका बाजूने अडवणूक झाली. तेवढ्यावर फिरणे सुरू झाले आणि नंतर कुणाचीही चूक नसताना चालूच राहिले.

हा शोध जुना आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडाजवळच्या टोर्टुगास बेटांवर आल्फ्रेड मेयर यांनी १९०६ च्या सुमारास जेलीफिशच्या ऊतीच्या कड्या कापून त्यांत अशी लाट फिरती ठेवली होती. जॉर्ज माइन्स यांनी १९१३-१४ मध्ये तेच हृदयाच्या ऊतीत दाखवले, आणि कसोटीही सांगून ठेवली: वीज खरोखर गोल फिरत असेल, तर कडी एका जागी कापताच ती थांबली पाहिजे. आजची कॅथेटर अब्लेशन, म्हणजे बारीक नळी हृदयात नेऊन ऊतीचा छोटा भाग भाजणे, ही ती कसोटीच आहे, उपचार म्हणून वापरलेली.

कडी मांडणे

आता शीट उघडा. वरच्या ओळीत मथळे: पहिल्या स्तंभाला 'वेळ', पुढच्या चाळीस स्तंभांना १ ते ४० क्रमांक. हे चाळीस स्तंभ म्हणजे कडीतल्या चाळीस पेशी. (एक्सेलमधल्या सेललाही सेल आणि हृदयातल्या सेललाही सेल म्हटले की वर्गात गोंधळ होतो, म्हणून शीटवरच्या घराला मी चौकट म्हणतो.) मथळ्याखालची प्रत्येक ओळ म्हणजे एक क्षण: वेळ ०, १, २, अशा तीनशे ओळी. उजवीकडे, तक्त्यापासून दूर, एक चौकट 'विसावा' नावाने ठेवा आणि त्यात सध्या ३० लिहा.

चौकटीतल्या आकड्याचा अर्थ असा: ० म्हणजे मोकळी, १ म्हणजे आत्ता पेटलेली, २ पासून विसाव्याच्या आकड्यापर्यंत म्हणजे दमलेली.

वेळ ० ची ओळ हाताने भरा: पेशी १ मध्ये १, बाकी सगळीकडे ०. वेळ १ च्या ओळीत, पेशी २ खाली, सूत्र लिहा. ते मराठीत असे: बरोबर वरच्या चौकटीत ० असेल, तर त्याच वरच्या ओळीतले डावे-उजवे शेजारी बघ, दोघांपैकी एकात जरी १ असेल तर १ लिही, नाहीतर ०. वरच्या चौकटीत विसाव्याइतका किंवा त्याहून मोठा आकडा असेल, तर ० लिही. यांपैकी काहीच नसेल, तर वरच्या आकड्यात १ मिळव. तीन 'इफ' एकात एक आणि शेजाऱ्यांसाठी एक 'ऑर', एवढ्यात भागते. विसाव्याच्या चौकटीचा पत्ता डॉलरची चिन्हे लावून पक्का करा, नाहीतर सूत्र खाली ओढताना तो पत्ताही घसरतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या शीट्स इथेच फसतात.

सूत्र पेशी २ पासून ३९ पर्यंत ओढा. पेशी १ चा डावा शेजारी म्हणजे पेशी ४०, आणि ४० चा उजवा शेजारी म्हणजे १. ही दोन सूत्रे हाताने दुरुस्त करा. सरळ पट्टीची कडी होते ती या दोन दुरुस्त्यांनी. मग पूर्ण ओळ खाली तीनशेपर्यंत ओढा. रंग लावा: १ ला लाल, २ आणि पुढच्याला पिवळा, ० ला पांढरा.

दोन्ही कडांकडून निघालेल्या दोन लाल तिरप्या रेघा वेळ २० ला पेशी २१ वर भेटतील आणि संपतील. इंग्रजी व्ही अक्षराचा आकार. तो नीट आला नसेल तर पुढे जाऊ नका.

आता फिरती लाट. वेळ ० मध्ये पेशी १ ला १ तसाच ठेवून पेशी ४० मध्ये २ लिहा, म्हणजे तो शेजारी आधीच दमलेला. लाल रेघ एकाच बाजूने उतरेल, उजव्या कडेला पोचून डाव्या कडेने पुन्हा आत येईल आणि तळापर्यंत थांबणार नाही.

विसाव्याच्या चौकटीत वेगवेगळे आकडे घालून बघा. ३९ घातलात तर लाट जेमतेम टिकते. ४० घातलात की पहिल्याच फेऱ्यात शेपटीवर आपटून मरते. या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच: लाटेचा वेग गुणिले विसावा. त्याला तरंगलांबी म्हणतात. वाट तिच्यापेक्षा लांब असेल तरच वीज गोल फिरू शकते. पुढे कुठलेही महागडे सॉफ्टवेअर हाती आले तरी मी पहिल्यांदा हा गुणाकार तपासतो.

शीटला सेंटिमीटर आणि मिलिसेकंद चिकटवणे

इथवरचे आकडे निव्वळ आकडे आहेत. मावशीच्या हृदयाशी त्यांचे नाते जोडायचे तर तिच्याच कार्डिओग्रामपासून सुरुवात करू. नेहमीच्या प्रकारच्या फ्लटरमध्ये वीज उजव्या अलिंदात, म्हणजे उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, त्रिदली झडपेभोवती फिरते. दात मिनिटाला तीनशे, म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंदांचा. आपल्या कडीत एक फेरा ४० ओळींचा. तेव्हा एक ओळ ५ मिलिसेकंदांची झाली. वाट सुमारे १० सेंटिमीटर धरली तर एक पेशी अडीच मिलिमीटरची आणि वेग सेकंदाला अर्धा मीटर. अलिंदाच्या स्नायूसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. विसावा ३० म्हणजे १५० मिलिसेकंद. उरलेल्या दहा पेशी मोकळ्या, म्हणजे लाटेच्या तोंडाला आणि शेपटीला ५० मिलिसेकंदांची फट. या फटीत बाहेरून नेमका ठोका घुसवून फ्लटर थांबवता येतो, आणि डॉक्टर पेसिंगने तेही करतात.

मोजमाप जुळवायला दहा मिनिटे लागतात आणि बहुतेक जण ती टाळतात. मग रंगीत चित्र दिसते, पण ते कुठल्या हृदयाचे हे कुणाला सांगता येत नाही.

फिरणे सुरू कसे होते

पेशी ४० ला हाताने २ लिहून आपण लबाडी केली. खऱ्या हृदयात कानात सांगणारा मास्तर नसतो. तिथे अवेळी पडलेला एखादा ठोका ते काम करतो, आणि तो किती नेमका पडावा लागतो हे पाहण्यासारखे आहे.

वेळ ० पुन्हा साधी करा: पेशी १ मध्ये १, बाकी शून्य. विसावा ३०. आता वेळ ३४ च्या ओळीत पेशी ५ खालचे सूत्र खोडून तिथे १ लिहा. हा अवेळी ठोका. पेशी ५ नुकतीच मोकळी झाली आहे. पेशी ४ तिच्याआधी मोकळी झाली, म्हणून ती पेटते. पेशी ६ अजून एक ओळ दमलेली, म्हणून ती पेटत नाही. लाट एकाच बाजूने निघते, फेरा मारते आणि फिरतच राहते. कुणालाही कानात काही सांगावे लागले नाही.

आता तोच १ एक ओळ खाली, वेळ ३५ ला लिहा (३४ चे सूत्र परत घालायला विसरू नका). लाटा दोन्ही बाजूंनी निघतात, पेशी २५ वर भेटतात, खेळ खलास. एक ओळ आधी, ३३ ला, पेशी ५ स्वतःच दमलेली असते; तिथे १ लिहिणे म्हणजे नियम मोडणे. घातक क्षण एकच, ५ मिलिसेकंदांचा. खऱ्या ऊतीत ही खिडकी कमीजास्त रुंद असते, कारण शेजारशेजारच्या भागांचा विसावा सारखा नसतो. जिथे तो फार असमान, म्हणजे जखमेच्या व्रणाजवळ किंवा ताणलेल्या अलिंदात, तिथे खिडकी रुंदावते. दिवसभरात अवेळी ठोके कितीतरी माणसांना पडतात. त्यांतला बहुतेक प्रत्येक या खिडकीच्या बाहेर पडतो, म्हणून आपण निवांत असतो.

मानशीचे दार

वर तीनशे, मग मनगटावर दीडशे का? वरचे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये वीज न वाहणारा तंतूंचा बांध असतो आणि त्यात पलीकडे जायला साधारणपणे एकच वाट: एव्ही नोड. खाजन शेतीचा बांध आणि त्यातली मानस, म्हणजे पाणी अडवणारे-सोडणारे दार, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र काढून दाखवावे लागत नाही. नोडचा विसावा मात्र अलिंदापेक्षा मोठा.

पेशी ४० नंतर एक स्तंभ मोकळा सोडून पुढच्याला 'नोड' नाव द्या. त्याच्यासाठी वेगळी विसाव्याची चौकट, तिच्यात ५०, म्हणजे २५० मिलिसेकंद. सूत्र तेच, फक्त शेजारी एकच: पेशी १०. वरच्या ओळीत पेशी १० मध्ये १ असेल आणि नोड मोकळा असेल तर नोड पेटतो. वेळ ० ला नोडमध्ये ० लिहा आणि कडीत लाट फिरती ठेवा.

नोडच्या स्तंभात लाल चौकटी मोजा. दर ८० ओळींनी एक. ८० गुणिले ५, म्हणजे ४०० मिलिसेकंद. मिनिटाला दीडशे.

हे पहिल्यांदा जुळले तेव्हा मी खुर्चीतून उठून पाणी प्यायलो. नोडच्या विसाव्याचा ५० हा आकडा मी मुद्दाम जुळवून घेतला म्हणाल, तर तो ४० पासून ७९ पर्यंत काहीही ठेवा. उत्तर दीडशेच येते. दोनास एक या जिन्यावर मधली पायरीच नाही. नाडी 'अडकलेली' का वाटत होती त्याचे उत्तर हे. नोडचा विसावा ९० करा: दर तिसरा ठोका उतरतो, नाडी १००. नोडवर ब्रेक लावणारी औषधे हेच करतात. आणि तात्पुरता ४०० घाला: खाली शांतता, वर कडी तशीच फिरती. ते अडेनोसिन. त्या दिवशी कागदावर दात उघडे पडले ते याच कारणाने.

उपचार शीटवर

अब्लेशन सगळ्यात सोपे. वेळ १०० पासून खाली पेशी २० च्या सगळ्या चौकटींत ० लिहा. लाट तिथे येते आणि विझते. माइन्स यांची कसोटी. प्रत्यक्षात ही जागा त्रिदली झडप आणि खालची महाशीर यांच्यामधली अरुंद पट्टी असते. कॅथेटरने तिथे आडवी रेघ भाजतात.

विसावा वाढवणारी औषधे, उदाहरणार्थ अमिओडेरॉन: विसाव्याच्या चौकटीतला आकडा चढवा आणि कुठे लाट मरते ते बघा. हे तुम्ही वर केलेच आहे.

मला सगळ्यात जास्त शिकवले ते तिसऱ्या प्रयोगाने. काही औषधे, फ्लेकेनाइड त्यांपैकी एक, लाटेचा वेग कमी करतात. वेग कमी झाला की नाडी कमी होईल असे कुणालाही वाटेल. शीटवर करून बघा. वेग घटला म्हणजे तोच फेरा जास्त ओळी घेणार, म्हणून कडीत बारा पेशी वाढवा: ४० च्या ५२. (कडीच्या दोन टोकांची सूत्रे पुन्हा दुरुस्त करा.) फेरा २६० मिलिसेकंदांचा झाला, वरचा वेग तीनशेवरून दोनशे तीसवर आला. छान. आता नोड बघा, विसावा ५० च. फेरा नोडच्या विसाव्यापेक्षा लांब झाल्यामुळे प्रत्येक ठोका खाली उतरतो. नाडी दीडशेवरून दोनशे तीस! वरचा वेग कमी केला आणि खालचा वाढला. हा धोका डॉक्टरांना ठाऊक असतो, म्हणून असे औषध देताना बहुधा सोबत नोडवर ब्रेक लावणारे दुसरे औषध देतात. मावशीच्या चिठ्ठीवर दोन गोळ्या का होत्या आणि एक संपली म्हणून दुसरीवर भागवू नका असे का बजावले होते, ते मला तेव्हा कळले.

याच्याहून कडू धडा खालच्या कप्प्यांचा आहे. हार्ट अटॅकनंतर अवेळी ठोके पडणाऱ्या रुग्णांना ते ठोके दाबणारी फ्लेकेनाइडसारखी औषधे दिली, तर मृत्यू कमी होतील अशी सार्वत्रिक समजूत होती. कास्ट नावाच्या मोठ्या अमेरिकन चाचणीने १९८९ मध्ये उलटे दाखवले: ठोके दबले, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. वेग घटला की तरंगलांबी आखूड होते, आणि व्रणाभोवतीच्या ज्या वाटा आधी फिरायला अपुऱ्या होत्या त्या पुरेशा होतात. सगळे स्पष्टीकरण या एका वाक्यात मावत नाही, पण शीटवर ते वाक्य डोळ्यांना दिसते.

कडीतून कापडावर

फ्लटरला ठरलेली वाट असते. अलिंदाच्या थरथरीत, म्हणजे फिब्रिलेशनमध्ये, लाटा भोक नसलेल्या अखंड ऊतीत, स्वतःच्याच शेपटीभोवती, भोवऱ्यासारख्या फिरू शकतात. त्याला कडी अपुरी पडते, कापड लागते. आणि ०-१ चे नियमही भरड पडतात. इथून पायथन.

हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये माकूळाच्या जाड चेतातंतूवरून विजेची समीकरणे मांडली. डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये ती हृदयाला लावली, लंडन विद्यापीठाच्या एकुलत्या संगणकावर मिळेल त्या अवेळी तासांत. पुढे एकेका आयनचा हिशेब ठेवणारी प्रारूपे आली: मानवी अलिंदासाठी कूर्तमाँश यांचे १९९८ चे, मानवी निलयासाठी, म्हणजे खालच्या कप्प्यासाठी, टेन टुशर यांचे २००४ चे, ओ'हारा-रुडी यांचे २०११ चे. त्यांच्यापासून सुरुवात करू नका. डझनावारी चले, त्यांत तुम्ही आठवडाभर हरवाल. १९९६ चे अलिएव्ह-पानफिलोव्ह प्रारूप घ्या; त्यात चले दोनच. व म्हणजे व्होल्टेज आणि थ म्हणजे थकवा:

व चा बदल = प्रसार − ८ × व × (व − ०.१५) × (व − १) − व × थ

थ चा बदल = गती × (− थ − ८ × व × (व − १.१५))

गती = ०.००२ + ०.२ × थ ÷ (व + ०.३)

व ला १०० ने गुणून ८० वजा केले की मिलिव्होल्ट मिळतात, आणि वेळेचे एक एकक म्हणजे १२.९ मिलिसेकंद. ०.१५ हा उंबरठा: व त्याच्या खाली राहिला तर विझतो, वर गेला तर भडकतो. मैदानावरचा 'हात वर' आणि 'विसावा' हेच इथे व आणि थ झाले आहेत.

आधी एकच पेशी चालवा, प्रसार शून्य. व ला ०.३ चा धक्का द्या आणि आलेख काढा: उभा चढ, पठार, उतार, सगळे मिळून सुमारे ३३० मिलिसेकंद. मग ०.१ चा धक्का द्या: काहीच होता कामा नये. दोन्ही जमले की कापड.

२०० गुणिले २०० ची जाळी, दोन बिंदूंतले अंतर ०.५, वेळेचे पाऊल ०.०२. प्रसार म्हणजे चार शेजाऱ्यांची बेरीज वजा स्वतःच्या चौपट, भागिले अंतराचा वर्ग. पाऊल भागिले अंतराचा वर्ग हा आकडा ०.२५ च्या आत राहिला पाहिजे. इथे तो ०.०८ आहे. तुम्ही अंतर निम्मे केलेत आणि पाऊल तसेच ठेवलेत तर तो ०.३२ होतो आणि पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखा कचरा दिसून आकडे अनंताला जातात. असा पट दिसला की प्रारूपाला दोष देऊ नका, पाऊल लहान करा.

कडांचे बिंदू. इथे माझे दोन दिवस गेले. शेजारी काढायला मी पायथनच्या नमपाय लायब्ररीतले 'रोल' वापरले, कारण एका ओळीत काम होते. लाट उजव्या कडेला पोचली आणि थोड्या वेळाने डावीकडून नवी लाट आत आली. मी आनंदाने एका मित्राला कळवलेही, की अवेळी ठोक्याशिवाय फेरा सुरू झाला! 'रोल' उजवी कड डावीला जोडते. मी नकळत कापडाची नळी शिवली होती. कडीत हवी असलेली गोष्टच इथे चूक होती. उपाय: जाळीभोवती एक जादा किनार ठेवा आणि प्रत्येक पावलाला तिच्यात आतल्या लगतच्या बिंदूची किंमत उतरवा. मग कडेतून वीज बाहेर जात नाही आणि आतही येत नाही.

आता तपासणी. डाव्या कडेची पट्टी पेटवून सरळ लाट सोडा आणि तिचा वेग मोजा. या समीकरणांसाठी, पूर्ण विश्रांत ऊतीत, कागदावरचे गणित १.४ देते: प्रसारगुणांक १ असताना ८ च्या निम्म्याचे वर्गमूळ २, गुणिले (१ − २ × ०.१५). तुमचा आकडा थोडा कमी येईल. जाळी बारीक करत न्या (पाऊलही लहान करत), तो १.४ कडे सरकला पाहिजे. सरकला नाही तर कोडमध्ये चूक आहे, चित्र कितीही सुंदर असो. ही तपासणी न करता भोवऱ्याची चित्रे दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला मी परत पाठवतो.

भोवरा उभा करायची युक्ती कडीतल्या वेळ ३४ सारखीच. सरळ लाट सोडा, तिची शेपूट कापडाच्या मध्यावर आली की खालचा अर्धा भाग एकदम १ करा. शंभर एकक रुंदीच्या या कापडात ती वेळ साठ एककांच्या आसपास शोधा. जिथे शेपूट आहे तिथे नव्या लाटेला एक मोकळे टोक मिळते आणि ते टोक वळायला लागते. फार लवकर धक्का दिला तर सगळे दमलेले, फार उशिरा दिला तर सरळ निघून जाते. दोनतीनशे एकके चालवा, दर पाच एककांना चित्र जपा. भोवरा कडेला जाऊन विझत असेल तर कापड मोठे करा. पावसाळ्यात फोंड्याला लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून व आणि थ या दोन्ही जाळ्या अधूनमधून फाइलमध्ये लिहून ठेवा. थ जपला नाही तर मधूनच पुन्हा सुरू करता येत नाही.

खऱ्या रुग्णाकडे जाताना

यापुढची पायरी तयार साधनांची: ओपनकार्प, चेस्ट, मायोकिट. संशोधनासाठी ही मोफत मिळतात, आणि सेलएमएल या, प्रारूपे लिहिण्याच्या ठरलेल्या भाषेच्या संग्रहात वर उल्लेखलेली पेशींची प्रारूपे तयार सापडतात. रुग्णाचे स्वतःचे प्रारूप करायचे तर गॅडोलिनियम देऊन एमआरआय काढतात, त्यात व्रण उजळ दिसतो. घट्ट व्रण म्हणजे वीज न वाहणारा भाग, त्याच्या काठचा अर्धवट जिवंत पट्टा म्हणजे हळू वाहणारा. स्नायूतंतूंची दिशा घालावी लागते, कारण तंतूच्या लांबीने वीज आडवीपेक्षा दुपटी-तिपटीने वेगात जाते. मग अनेक जागांवरून अवेळी ठोके देऊन बघतात, फेरा कुठे लागतो. जॉन्स हॉपकिन्समधल्या नतालिया ट्रायानोवा यांच्या गटाने २०१६ मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांसाठी असेच करून कुणाला धोका जास्त ते ताडण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. भूमिती कितीही खरी असली तरी विसावा आणि वेग मात्र बहुधा सरासरीचेच घातलेले असतात, हे अशी चित्रे बघताना विसरू नये.

तुमच्या कापडावर मात्र एक प्रयोग आजच होण्यासारखा आहे. भोवरा फिरत असताना त्याच्या मध्यापासून जवळच्या कडेपर्यंत एक रेघ मेलेली करा, म्हणजे त्या बिंदूंमधून प्रसार बंद, जसा कडांवर केला तसा. अब्लेशनची रेघ ती हीच. मग तिच्यात एका बिंदूची फट ठेवा. मग दोन, मग चार, मग आठ. अगदी अरुंद फटीतून लाट जात नाही: बाहेर पडणारी वीज थोडी, पुढे पेटवायची ऊती पसरलेली, आणि लाट दाराशीच विझते. फट थोडी रुंद झाली की तीच लाट आरपार. सीमेवरची रुंदी सापडली की ०.१५ चा उंबरठा ०.१२ करा आणि पुन्हा मोजा.